कच्चं नाटक लोकांपुढे ठेवताना : वाचकांचे प्रश्न

नवं नाटक पुरतं तयार व्हायच्या आधीच प्रेक्षकांसमोर ठेवायचं आणि त्यातून ते घडवायचं, याबद्दल मागच्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. नाट्यस्पर्धेचे दिवस तोंडावर आल्यामुळे असेल, पण एकट्या नाशिक शहरातूनच भरपूर पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, फक्त राहण्याचा भाग दिला आहे. काही पत्रांत आपल्याच दिग्दर्शकाच्या तक्रारी आहेत, म्हणून.

प्रश्न : दोन अंकी नाटक लिहून झालंय, टाइप केलेली ७८ पानं आहेत. घरी आठ-दहा मित्रांना बोलावून मी वाचून दाखवलं. सगळे म्हणाले, ‘छान झालंय, दुसऱ्या अंकात थोडं बघ.’ दुसऱ्या अंकात नेमकं काय बघू? आता तालमी सुरू कराव्यात की अजून वाचनं करावीत? (गंगापूर रोड)

‘दुसऱ्या अंकात थोडं बघ’ याचा अर्थ, दुसऱ्या अंकात कंटाळा आला पण कुठे आला ते सांगता येत नाही, एवढाच. आणि बहुतेक वेळा दोष पहिल्या अंकात पेरलेला असतो. पण मुळात चूक झाली ती तुम्ही स्वतः वाचलंत ही. लेखक वाचतो तेव्हा कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे त्याला माहीत असतं. लंगडं वाक्य तो सवयीने सावरून घेतो. मित्रांनी कागदावरचं नाटक ऐकलंच नाही, तुमच्या डोक्यातलं ऐकलं.

म्हणून पुढचं वाचन नटांनी करायचं आणि तुम्ही मागे बसून ऐकायचं. जेवढी पात्रं तेवढी माणसं जमवा. माणसं कमी पडली तर एकाला दोन भूमिका द्या, पण एकमेकांशी बोलणारी दोन पात्रं एकाच्या तोंडी देऊ नका. ऐकणाऱ्याचा पाच मिनिटांत गोंधळ उडतो. रंगसूचना वाचायला वेगळा माणूस हवा आणि त्याने सगळ्या वाचायच्या नाहीत. जी गाळल्यावर पुढचं वाक्य कळणार नाही तेवढीच वाचायची. ‘ती खिडकीशी जाते, उसासा टाकते, पदर सावरते’ असलं सगळं वाचत बसलं की दोन तासांचं नाटक अडीच तासांवर जातं आणि संवादांची लय मोडते ती वेगळीच.

लांबीचा अंदाज घ्यायला एक साधी युक्ती : नटांबरोबर मधली पाच पानं घड्याळ लावून वाचा आणि त्यावरून हिशेब करा. पाच पानांना आठ मिनिटं लागली तर ७८ पानांना १२५ मिनिटं, म्हणजे दोन तास पाच मिनिटं. हे झालं बसून. नाटक उभं राहिलं की चालणं, दार उघडणं, चहा ओतणं, ब्लॅकआउट हे सगळं वर चढतं. बसून सव्वादोन तास होणारं नाटक रंगमंचावर अडीच तासांच्या पुढे जाईल असं धरूनच कात्री हातात घ्या.

आमच्या मते पायऱ्या तीन. पहिली, बंद खोलीत नटांचं वाचन, बाहेरची माणसं फार तर सहा. दुसरी, तीस-चाळीस निमंत्रितांसमोर अभिवाचन. त्याआधी दोनच तालमी. जास्त तालमी केल्या की नट अभिनयाने नाटक तारून नेतात आणि संहितेतली भोकं दिसेनाशी होतात. तिसरी, हातात संहिता ठेवून पण हालचालींसह केलेला प्रयोग, आठ-दहा तालमींनंतर, साठेक प्रेक्षकांसमोर. दोन पायऱ्यांमध्ये निदान पंधरा दिवस ठेवा. त्यातले पहिले दोन दिवस संहितेला हात लावू नका; त्या दोन दिवसांत केलेले बदल रागातून तरी होतात नाहीतर कौतुकातून.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या वॉटरफर्डला १९६४ साली यूजीन ओनील थिएटर सेंटर सुरू झालं. तिथे हातात संहिता घेतलेले नट, नावापुरतं नेपथ्य आणि लेखकाच्या हाती फेरफार करायला मोकळीक, अशा रीतीने नवी नाटकं तपासली जाऊ लागली. आपल्याकडे पुण्याच्या थिएटर अकादमीने नाटककार सतीश आळेकरांच्या पुढाकाराने १९८५ ते १९९४ या काळात नव्या नाटककारांसाठी योजना चालवली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहातली प्रायोगिक चळवळ तर त्याच्याही आधीची, १९७४ पासूनची. मोठ्या थिएटरविना आणि मोजक्या प्रेक्षकांत नवं नाटक उभं राहतं, हे मराठीत पन्नास वर्षं चाललेलं आहे.

प्रश्न : प्रयोगानंतर लोक तोंडावर गोडच बोलतात. मग असा कच्चा प्रयोग करून हाती काय लागतं? (इंदिरानगर)

लोक बोलतात त्यापेक्षा बसतात कसे, त्यावरून जास्त कळतं. ते टिपायची व्यवस्था करा.

तीन निरीक्षक नेमा. त्यांची पाठ भिंतीला आणि तोंड प्रेक्षकांकडे हवं. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मागच्या रांगेच्या टोकाला. प्रत्येकाच्या हातात संहितेची प्रत आणि पेन्सिल. समासात खुणा करायच्या : ‘ह’ म्हणजे हशा, ‘चु’ म्हणजे चुळबुळ, ‘मो’ म्हणजे कुठेतरी मोबाइलचा उजेड, ‘शां’ म्हणजे सगळी खोली थांबली. अभिप्राय लिहायचा नाही. निरीक्षक नाटक बघू लागला की त्याचा उपयोग संपला, म्हणून ज्याने संहिता आधी तीन वेळा तरी ऐकलीय असाच माणूस बसवा. दुसऱ्या दिवशी तिन्ही प्रतींवरच्या खुणा एका प्रतीवर उतरवा. तिघांपैकी दोघांनी एकाच पानावर केलेली खूण तेवढी धरायची, एकट्याची सोडून द्यायची. पहिल्या दहा मिनिटांतल्या खुणाही सोडायच्या. तेव्हा लोक अजून बूड टेकवत असतात. फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवलात तर हशा कितव्या मिनिटाला आला ते नंतर बघता येतं. शांतता मात्र रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागते.

आता खुणा वाचायच्या कशा? समजा, पंचवटीतला जुना वाडा बिल्डरला द्यायचा की नाही, यावरून दोन भावांचा प्रवेश आहे, पान ४१ ते ४९. तिन्ही प्रतींवर पान ४४ पासून ‘चु, चु, मो’. पहिला मोह होतो तो ४४ ते ४६ कापायचा. पण दोन पानं मागे जाऊन बघा, पान ४२ वर काय आहे :

धाकटा : दादा, मी सह्या करून आलोय. परवाच.
थोरला : मला न विचारता?
धाकटा : विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?

संवाद वाईट नाहीत. पण ‘हा सही करणार का?’ या एकाच प्रश्नावर प्रेक्षक बसला होता आणि तो ४२ व्या पानावर सुटला. पुढची सात पानं भाऊ सही करावी की नाही यावर भांडताहेत, आणि प्रेक्षकाच्या लेखी सही होऊन गेलीय. चुळबुळ ४४ वर दिसली, कारण समोरच्याची सभ्यता संपायला दोन पानं लागतात! आता हीच जागा अशी करून बघा :

थोरला : कागद आणलेस?
धाकटा : दादा, तू आधी चहा घे.
थोरला : कागद, मी विचारतोय.
धाकटा : गार होतोय बघ.

सह्यांचं वाक्य पान ४८ वर न्या. मधल्या पानांतलं एकही वाक्य बदलू नका आणि पुढच्या वाचनाला तेच निरीक्षक त्याच जागी बसवा. तीच भांडणं आता ऐकली जातात, कारण धाकटा काहीतरी लपवतोय एवढं खोलीला कळलेलं असतं. चुळबूळ तरीही राहिली, तर मग कात्री.

दोन खबरदाऱ्या. खुणा एकाच दिवसाच्या असतील तर त्यावर मोठा बदल करू नका. त्या दिवशी वीज गेली असेल, पंख्याने कटकट केली असेल, उशिरा आलेलं कुणीतरी मधूनच वाट काढत गेलं असेल. आणि नटाच्या घरच्यांचा हशा हा हशा नव्हे. ते लोक कुठे बसलेत ते निरीक्षकाला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत शेवटी आईचा मृत्यू आहे. अभिवाचनाला लोक गंभीर होते, पण हालचालींसह केलं तेव्हा नेमके तिथेच हसले. लेखकाचं म्हणणं, दिग्दर्शनाचा दोष. दिग्दर्शकाचं म्हणणं, संहितेचा. (पंचवटी)

वाचनाला हसले नाहीत आणि उभं राहिल्यावर हसले, म्हणजे दोष डोळ्यांना दिसणाऱ्या कशात तरी आहे. मेलेलं पात्र श्वास घेताना दिसतंय का? छाती प्रेक्षकांकडे असेल तर दिसणारच. कुशीवर, पाठ प्रेक्षकांकडे करून झोपवा. खाटेपर्यंत धावत येणारा नट फार लांबून येतोय का? शोक करायला धावणाऱ्या माणसाने रंगमंचावर पाच पावलं टाकली तर चालतात, बारा टाकली की गंमत होते. हातातली वस्तू खोटी दिसतेय का?

यातलं काही नसेल तर मागे बघा. शेवटचा खरा हशा मृत्यूच्या किती आधी आहे? दीड-दोन मिनिटांच्या आत असेल तर प्रेक्षक अजून हसायच्या तयारीत बसलेला असतो आणि पहिल्याच मोठ्या आवाजाला हसतो. अशा वेळी मृत्यूच्या प्रवेशाला हात लावायची गरज नाही, आधीचा विनोद उचलून आणखी आधी न्या.

सुटकेचा हशाही असतो. फार ताण साचला की लोक क्षणभर हसतात आणि पुढच्या सेकंदाला चिडीचूप होतात. तो हशा चांगला, त्याला धक्का लावू नका. ओळखायची खूण अशी : वाईट हशा एका कोपऱ्यात सुरू होऊन पसरत जातो आणि त्यात कुजबूज असते, सुटकेचा हशा सगळीकडून एकदम येतो आणि तसाच तुटतो.

काहीही करा, एका वेळी एकच गोष्ट बदला. खाट फिरवली, विनोद हलवला आणि नटही बदलला, तर नेमकं कशाने जमलं ते कधीच कळणार नाही, आणि तुमच्या लेखक-दिग्दर्शकांचं भांडण तसंच चालू राहील.

प्रश्न : प्रयोगानंतरची चर्चा कशी घ्यावी? आमच्याकडे एक ज्येष्ठ रंगकर्मी उभे राहतात आणि पंधरा मिनिटं स्वतःच्या जुन्या नाटकाबद्दल बोलतात. बाकीचे निघून जातात. (नाशिक रोड)

हे ज्येष्ठ रंगकर्मी प्रत्येक गावात असतात, त्यामुळे मन लहान करू नका. त्यांना आदल्या दिवशी भेटा आणि आदराने निरीक्षकाचं काम द्या : प्रत, पेन्सिल, खुणा. काम मिळालेला माणूस भाषण करत नाही. तरीही उभे राहिलेच तर चर्चेच्या सूत्रधाराने म्हणावं, ‘सर, हे फार महत्त्वाचं आहे, लेखकाला लेखी द्याल का?’

सूत्रधार लेखकही नको, दिग्दर्शकही नको. आणि शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, मार्गदर्शनपर दोन शब्द तर नकोतच. त्यात पाऊण तास जातो आणि लोकांचं डोकं नाटकातून बाहेर येतं. चहा चर्चेनंतर. आधी दिलात तर कप हातात घेऊन निम्मा हॉल पार्किंगमध्ये जातो.

चर्चेला अर्धा तास पुरे. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये चार टप्प्यांची एक पद्धत बसवली, ती नाटकालाही चपखल बसते. पहिल्या टप्प्यात प्रेक्षकांनी फक्त काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगायचं. दुसऱ्यात लेखकाने प्रश्न विचारायचे. तिसऱ्यात प्रेक्षकांनी विचारायचे, पण प्रश्नात मत दडलेलं नको. ‘बहीण इतकी रडकी का दाखवलीय?’ हे प्रश्नचिन्ह लावलेलं मत झालं. ‘बहीण रडते तेव्हा आम्हाला तिच्याबद्दल काय वाटावं अशी तुमची अपेक्षा आहे?’ हा प्रश्न. चौथ्या टप्प्यात मत, तेही आधी विचारून : ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ आणि लेखकाला ‘आज नको’ म्हणायची मुभा. वेळ वाटायचा तर पहिल्याला सहा मिनिटं, बाकी तिघांना आठ-आठ.

सगळ्यात जास्त हाती लागतं ते दुसऱ्या टप्प्यात, आणि तिथेच आपले लेखक ‘कसं वाटलं?’ विचारून संधी घालवतात. नेमकं विचारा. ‘मध्यंतराला तुम्हाला पुढे काय होईल असं वाटत होतं?’ ‘मुलाने घर का सोडलं?’ दहा जणांनी पाच वेगवेगळी कारणं सांगितली, तर ते कारण तुमच्या डोक्यात आहे, नाटकात नाही. उत्तर कितीही चुकीचं आलं तरी लेखकाने खुलासा करायचा नाही. ‘नाही हो, तसं नाहीये ते’ हे एक वाक्य पुरतं, पुढच्या माणसाचं तोंड बंद होतं. प्रेक्षक तोडगा सुचवतात तेव्हा (‘शेवटी बाप परत यायला हवा होता’) तोडगा लिहू नका, त्यामागची हुरहूर लिहा : बापाचं प्रकरण अर्धवट वाटलं.

जे बोलत नाहीत त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या छापा. त्यावर तीनच प्रश्न : कोणता क्षण आठवतो, कुठे गोंधळलात, कुणाची काळजी वाटली. नाव विचारू नका. ‘नाटकाशी संबंध आहे / नाही’ एवढ्यावर खूण मागा. चिठ्ठीबरोबर पेन्सिलही द्या, नाहीतर चिठ्ठ्या कोऱ्या परत येतात.

प्रश्न : लेखिका रोज बदल आणते. नट वैतागलेत, आणि प्रयोगाच्या दिवशी जुनीच वाक्यं तोंडातून गेली. (सिडको)

नटांचं चुकलं नाही. बसलेलं वाक्य विसरायला नवं पाठ करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यातही वाक्याच्या मधला बदल एकट्या नटाला त्रास देतो; वाक्याचा शेवट बदलला की समोरचाही अडखळतो, कारण त्याचं पुढचं वाक्य त्या शेवटच्या शब्दावर टांगलेलं असतं. म्हणून बदलांच्या यादीत ज्या बदलांनी क्यू, म्हणजे समोरच्याला इशारा देणारा हा शेवटचा शब्द, बदलतो ते लाल पेनाने वेगळे दाखवा आणि फक्त तेवढे दोघा-दोघांना समोर बसवून दहा वेळा म्हणून घ्या.

कागदांचीही शिस्त हवी. प्रत्येक पानाच्या तळाशी खर्डा क्रमांक आणि तारीख. बदललेली पानं पिवळ्या कागदावर, पुढच्या फेरीची गुलाबी. मध्ये पान वाढलं तर २३अ, २३आ. पुढचे आकडे हलवू नका, नाहीतर ‘पान ३१ उघडा’ म्हटल्यावर तिघांची तीन वेगवेगळी पानं उघडतात. काढलेला मजकूर कॉम्प्युटरवरून पुसू नका, ‘काढलेलं’ नावाच्या फाइलमध्ये ठेवा. आणि अधिकृत प्रत एकाच माणसाकडे हवी. तो प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य आडून सुचवणारा, असेल तर उत्तम. लेखिकेने परस्पर नटांच्या व्हॉट्सअॅपवर बदल पाठवायचे नाहीत, त्याच्याकडेच द्यायचे.

रोज बदल बंद. आठवड्यातून एकदा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळ्या सांभाळून साडेसातला जमणाऱ्या नटांकडे अडीच तास असतात, त्यातली पहिली चाळीस मिनिटं बदलांना, मग तालीम. शेवटचा बदल प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी. प्रयोगाच्या दिवशी फक्त कापाकापी, नवं वाक्य एकही नाही. ज्याचे संवाद बदललेत त्याने हातात संहिता घेऊनच उभं राहावं आणि तसं सुरुवातीला प्रेक्षकांना सांगावं. लोक दोन मिनिटांत कागद विसरतात.

याच पत्रात पुढे म्हटलंय की दिग्दर्शकाने लंगड्या प्रवेशाखाली बासरी लावून वेळ मारून नेली. कच्च्या प्रयोगात संवादाखाली संगीत लावायचंच नाही. दाराची बेल, फोन, अजान, आरती, ज्यावर पात्रं काही करतात तेवढेच आवाज. बासरीने प्रवेश शिवला की भोक कुठे होतं ते कुणालाच कळत नाही.

प्रश्न : जागा कोणती घ्यावी? दिवे, नेपथ्य किती? महिना कोणता? (कॉलेज रोड, म्हसरूळ, देवळाली कॅम्प)

कालिदास कलामंदिर किंवा साईखेडकर नाट्यगृह या टप्प्यावर नकोच. पन्नास माणसं मोठ्या थिएटरात विखुरली की प्रत्येक जण एकटा होतो आणि एकटा माणूस हसत नाही. शाळेचा वर्ग, सोसायटीचा हॉल, ग्रंथालयाची मोठी खोली चालेल. साठ जण येणार असतील तर पंचेचाळीसच खुर्च्या मांडा, बाकीच्या भिंतीला ठेवा आणि लागतील तशा लावा. पहिली रांग नटांपासून सहा फुटांवर. पंखे सुरू ठेवून शेवटच्या रांगेत बसून आधी ऐका. पंखा ‘स’, ‘श’, ‘फ’ खातो आणि वाक्यांची टोकं गिळतो. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात मुळीच करू नका.

समोरून दोन बाजूंनी दोन दिवे, उबदार रंगाचे, पुरे. हॉलचे निम्मे दिवे चालू ठेवा, नाहीतर निरीक्षकांना प्रेक्षक दिसणार नाहीत. चार खुर्च्या, एक टेबल, एक खाट; दारं आणि भिंती जमिनीवर चिकटपट्टीने आखा. ज्या वस्तूवर कथा फिरते ती खरी हवी : किल्ली, पत्र, सातबारा. खऱ्या कपात खोटा चहा आणि शेजारच्याच्या हातात हवेतला कप, अशी भेसळ करू नका.

खर्चात लेखक विसरतो ती झेरॉक्स. ७८ पानं, दहा प्रती, म्हणजे ७८० पानं. पानाला दोन रुपये धरले तर १,५६० रुपये, आणि तेही एका खर्ड्याचे. म्हणूनच बदललेली पानंच नव्याने काढायची.

दिवसांचं गणित नाशिकचं वेगळं आहे. गणपतीच्या आधीचे आठवडे संध्याकाळी ढोल पथकांचे सराव चालतात. त्या आवाजापुढे कुठलंच नाटक टिकत नाही. तेव्हा रविवारी सकाळी साडेदहाला करा. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम, निफाड-दिंडोरीकडची माणसं येत नाहीत. त्यात बारावी-दहावीच्या परीक्षा. स्पर्धेची प्राथमिक फेरी दिवाळीच्या आगेमागे येते असं धरलं तर पहिलं वाचन मेच्या शेवटी, अभिवाचन जूनमध्ये, हालचालींचा प्रयोग जुलैच्या अखेरीस, आणि ऑगस्टमध्ये संहिता बंद, म्हणजे त्यापुढे बदल नाहीत.

प्रश्न : तालमीत नटाने उत्स्फूर्तपणे म्हटलेली वाक्यं संहितेत गेली. उद्या तो हक्क सांगेल का? आणि अशा प्रयोगाला परवानगी लागते का? (गंगापूर रोड, जेल रोड)

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाट्यकृतीचा पहिला हक्क लेखकाचा. तो लिहिल्यापासूनच असतो आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुरावा म्हणून कामाला येते, आणि एका नाट्यकृतीचं नोंदणी शुल्क ५०० रुपये आहे. नटाने चार वाक्यं सुचवली म्हणून तो सहलेखक होत नाही. पण सगळं नाटकच तालमीत सुचवण्यांतून उभं राहणार असेल तर मामला वेगळा. तेव्हा पहिल्या तालमीच्या आधी एक पानाचं पत्र करा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या : लेखक म्हणून कुणाचं नाव लागणार, मानधन आलं तर वाटणी कशी, मध्येच सोडून गेलेल्याचं काय, दुसऱ्या संस्थेला संहिता कुणाच्या संमतीने द्यायची. मैत्रीत कागद कसला, असं सगळे म्हणतात. पुढे भांडणंही त्याच मैत्रीत होतात. प्रेक्षकाने चर्चेत नुसती कल्पना सुचवली तर त्यावर त्याचा हक्क नाही. मात्र कुणी प्रवेश लिहून आणून दिला तर न वाचता, प्रेमाने परत करा.

परवानगीचं : महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि जी संहिता पाठवता तिलाच ते मिळतं. म्हणून पहिल्या दोन पायऱ्या निमंत्रितांपुरत्या ठेवा आणि संहिता स्थिरावली की लगेच पाठवा. पुढे नवा प्रवेश घातलात तर तोही मंडळाला दाखवा. ऐनवेळी धावाधाव करणाऱ्या संस्था दरवर्षी दिसतात, त्यांत आपली नको.

प्रश्न : नाटकातली आजी सटाण्याची आहे, अहिराणी बोलते. शहरातल्या प्रेक्षकांना कळत नाही म्हणून तिचे संवाद प्रमाण मराठीत करावेत का? (पाथर्डी फाटा)

घाई करू नका. ‘आजी कळली का?’ असं विचारलंत तर लोक नाहीच म्हणणार. ‘आजीला काय हवं होतं?’ हे विचारा. दहापैकी सात जणांनी बरोबर सांगितलं तर एक शब्दही बदलू नका. नाहीच कळलं तर आजीला सोडा, समोरच्याचं उत्तर बदला. त्याच्या उत्तरातून तिचं म्हणणं कळायला हवं. पण ‘म्हणजे आजी, तुला म्हणायचंय की...’ अशी दुभाषेगिरी नको, ती दुसऱ्याच वेळी खोटी वाटते. एक वाचन मात्र सटाण्याला किंवा मालेगावला कराच. शहरात अर्थ पोचतो की नाही ते कळेल, हेल खोटा आहे की काय ते तिथेच कळेल.

प्रश्न : असे किती प्रयोग करावेत? त्याच प्रेक्षकांना परत बोलवावं का? (अशोकनगर)

तीन. चौथ्यापासून लेखक नाटकासाठी लिहायचं सोडून हशा-टाळीसाठी लिहू लागतो. दोन लागोपाठ प्रयोगांत खुणा त्याच पानांवर आल्या आणि तुम्ही विचार करून ती पानं तशीच ठेवायची ठरवली असेल, तर संहिता बंद करा. जुन्या प्रेक्षकांपैकी दहाच जणांना परत बोलवा, बाकी सगळे नवे हवेत. दुसऱ्यांदा येणारा माणूस नाटक बघत नाही, काय बदललं ते बघतो. त्याला मागच्या रांगेत, निरीक्षकाच्या शेजारी बसवा.